मुळी चढली

— एकोणीसशे एकसष्ट, डॉक्टरबाई. पानगळीचे दिवस. थंडी सरली होती, झाडं उघडी पडली होती. साल मला पक्कं आठवतं. तुम्हीच विचारलंत ना, या मुळीची परीक्षा होताना मी पहिल्यांदा कधी पाहिली — तर एकसष्ट साल, पानगळ. पानं उतरली की झाडाचा जोर मुळात जातो असं आमचे वडील म्हणत, म्हणून ती तेव्हाच खणायची. नाही, उठू नका. आत जायचंय तुम्हाला, ठाऊक आहे. दादा कुठे पळून जात नाही. आधी माझं ऐका, मग जा. पेटी ठेवा खाली. स्टुलावर नको, ते डुगडुगतं, खुर्ची घ्या.

तुम्ही पहिल्या खेपेला आलात तेव्हा त्या उंदरांचं सांगितलंत. तापल्या पत्र्यावर उंदीर ठेवायचा, त्याने पाय चाटायला घेतला की समजायचं, भाजलं. आमची मुळी पाजलेला उंदीर उशिरा चाटतो. म्हणजे मुळीत काहीतरी आहे. दादा किती खूश झाला होता ऐकून — तुम्हाला दिसलं नसेल, त्याचं तोंड तसंच असतं, पण त्याने उशी मागितली आणि उठून बसला. बापाचं औषध मोठ्या लोकांच्या कागदावर चाललंय. मीही खूश झालो, खोटं कशाला सांगू. शाळा मी चौथीत सोडली, तुमच्या बाकीच्या गोष्टी माझ्या डोक्यावरून गेल्या, पण उंदराचं समजलं. आमच्याकडेही तेच होतं. फक्त उंदीर नव्हते.

आम्ही हाडं बसवणारे. आजोबा, वडील, मग दादा. हीच खोली. भिंतीला लांब बाकडं दिसतंय, त्याच्यावर माणूस निजवायचा. वर दोरीला कामट्या, खाली पट्ट्यांची टोपली, कोपऱ्यात शेगडी. मुळी दगडावर उगाळायची, वाटीभर पाजायची, थोडी मोडल्या जागी चोळायची आणि चढेपर्यंत थांबायचं. चढली की हाड ओढून जागेवर आणायचं. चढली हे कसं कळायचं — तेच सांगतोय. तुम्ही फार घाई करता.

दर पानगळीला नवी मुळी यायची. ती दगडाच्या फटीत वाढते, बोटाएवढी जाड, ओल्या लोखंडासारखा वास. एखाद्या वर्षी कडूजहर निघते, एखाद्या वर्षी पाणचट. ती लोकांना द्यायच्या आधी घरात पारखायची. परक्याच्या अंगावर परीक्षा करायची नाही, हा आमचा नियम, आणि नियम चांगला आहे, त्याला मी आजही नावं ठेवणार नाही. वडील स्वतः पिऊ शकत नसत, चिमटा धरणाऱ्याचं डोकं जागेवर पाहिजे. म्हणून मुलगे. आम्ही दोघे भाऊ — एका वर्षी दादा, पुढच्या वर्षी मी. वाटी प्यायची, बाही वर करायची, हात फळीवर ठेवायचा. वडील शेगडीतून चिमटा काढायचे. लाल झालेला नसायचा, इतके दुष्ट नव्हते ते. इथे, कोपराच्या खाली, टेकवायचे आणि विचारायचे, काय वाटलं? काही नाही, असं उत्तर आलं की मुळी चांगली. ज्याची पाळी नसेल त्याने पाय धरून बसायचं, झटका बसू नये म्हणून.

तर एकसष्ट साली मी नऊ वर्षांचा, दादा बारा. पाळी त्याची. मी जमिनीवर, त्याची पावलं माझ्या मांडीवर, अंगठे माझ्या मुठीत. चिमटा टेकला. केस जळाल्याचा वास आला — तो वास मला अजून येतो बाई, चहा पिताना येतो, कपडे वाळत घालताना येतो — आणि माझ्या मुठीत त्याचा अंगठा वाकला. असा, आत. मी वर बघितलं तर दादा भिंतीकडे बघत होता. तोंड कोरं. वडिलांनी विचारलं, काय वाटलं? तो म्हणाला, काही नाही. आणि मी म्हणालो, बाबा, याचा अंगठा वाकला.

वडील थबकले. चिमटा हातात तसाच. मग वाकून त्यांनी पाय बघितला, दादाचं तोंड बघितलं, पुन्हा पाय बघितला. आणि हसले. वडील हसले म्हणजे काय, हे तुम्हाला सांगून कळायचं नाही. म्हणाले, चढली. पार पायापर्यंत गेली, अंगठा ओढला तिने. वर सगळं बधिर आणि खाली ओढ. ही खूण माझ्या बापालाही माहीत नव्हती, माझ्या धाकट्याला सापडली.

लिहिताय? लिहा. ती खूण मी शोधली. मुळी चढली की अंगठा वाकतो. तेव्हापासून माझी जागा पायाशी. घरात, बाहेर, जिथे हाड मोडेल तिथे. मी अंगठे धरायचो. वडील मोडल्या जागेवर बोटाने दाबून बघायचे, अंगठा वाकला की मी म्हणायचो, चढली — की ते ओढायला घ्यायचे. नाही वाकला तर आणखी एक वाटी. आणखी जोराने दाबायचं. वाकेपर्यंत.

थांबलात का? लिहा ना.

लोक ओरडायचे, हो. विचारणार होता ना? ओरडायचे. वडील म्हणायचे, तोंडाचं ऐकू नका. तोंड भीतीने ओरडतं, त्याला सवयच ती. पाय खरं बोलतो. आणि लोकांना पटायचं. एक गवंडी होता, परांचीवरून पडलेला, मांडीचं हाड गेलं होतं. इतका मोठा माणूस, गुरासारखा हंबरला. वडील त्याला समजावतायत, अरे, तुला दुखत नाहीये, तुझा अंगठा बघ, मुळी चढली आहे. त्याने मान वर करून स्वतःचा अंगठा बघितला. आणि गप्प झाला. खरंच गप्प झाला. त्याला वाटलं असेल, आपणच भित्रे. बरा झाल्यावर येऊन म्हणाला, तुमच्या मुळीने काही कळलंच नाही मला. सगळे तसंच म्हणायचे. कोण म्हणेल की मला कळलं?

वडील सावकाश काम करायचे. त्यांची खात्री होती ना, माणसाला काही लागत नाही. दाबायचे, चाचपायचे, मध्ये पाणी प्यायचे, कुणाशी दोन शब्द बोलायचे. दादा त्यांच्या अगदी उलट. वडील गेल्यावर काम त्याच्याकडे आलं, तर हा बाकड्यापाशी उभा राहतो न राहतो तोच काम झालेलं. कट्ट. माणसाचा श्वास आत जायच्या आधी हाड जागेवर. लोक लांबून यायचे त्याच्या हातासाठी. आणि मी त्याच्यावर चिडायचो — दादा, अजून चढली नाही, अंगठा वाकला नाही, थांब की जरा. तो थांबायचा नाही. एका शब्दाने कधी म्हणाला नाही का थांबत नाही ते. माझ्याकडे बघायचा फक्त. मला वाटायचं, गर्व झालाय याला, बापाची रीत पाळत नाही. मी एकदा चारचौघांत बोललोही तसं. ऐकून घेतलं त्याने.

आता कळतं. त्या खोलीत त्या एकट्यालाच ठाऊक होतं ना.

पाणी घ्या. माठ तिथे आहे, पेला पालथा आहे बघा. मी उठत नाही, गुडघे धरलेत.

दादाचा कॅन्सर हाडांत उतरलाय हे तुम्हीच सांगितलंत. कमरेत, मांडीत, पाठीच्या मणक्यात. जन्मभर हाडांचं केलं आणि शेवटी तिथेच — जाऊ द्या. तुम्ही आलात, म्हणालात, या मुळीचे थेंब केलेत, दुखण्यावर देऊन बघायचेत, काही लोकांना खरे थेंब, काहींना नुसतं कडू पाणी, आणि कुणाला काय हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. दादा म्हणाला, माझं नाव घाला. दर आठवड्याला तुम्ही येता, तो चेहऱ्यांचा पुठ्ठा दाखवता — हसरं तोंड, सरळ तोंड, रडकं तोंड — आणि तो हसऱ्या तोंडावर बोट ठेवतो. दर आठवड्याला. तुम्हाला किती आनंद होतो. आणि पेटीतलं ते दुसरं औषध, सुईचं, जोरदार, ते पेटीतच राहतं. कारण रोग्याने स्वतः सांगायला हवं. बरोबर ना? त्याने म्हणायला हवं, दुखतंय.

तो म्हणणार नाही. आमची वहिनी होती तोवर म्हणायची, तुमचा भाऊ दगडावर आपटला तर दगडालाच विचारेल, लागलं का रे. हसायची आणि मग पदराने नाक पुसायची. तिला काही ठाऊक होतं की काय, देव जाणे. विचारायचं राहिलं.

ऐका जरा. आतून काही येतंय का कानावर? नाही ना. तेच. माणूस कण्हला तर बाहेरच्याला निदान कळतं, आता कण्हतोय, आता थांबला. इथे काहीच नसतं. मी दाराशी उभा राहतो तर श्वाससुद्धा मोजून घेतल्यासारखा. एकदा भिंतीला हात टेकला — खाट पलीकडून त्याच भिंतीला लागून आहे, लोखंडी — तर भिंत थरथरत होती. बारीक. गिरणी लांब कुठेतरी चालू असावी तशी. मी हात काढला. पुन्हा ठेवला. आत गेलो, दादा, काय होतंय? काही नाही.

मग गेल्या आठवड्यात, तुम्ही येऊन गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी, मी त्याचं अंग पुसत होतो. पाय पुसायला घेतले. डावं पाऊल माझ्या मांडीवर, अंगठा मुठीत — आपोआप धरला जातो बाई, इतक्या वर्षांची सवय — आणि दुसऱ्या हाताने मी त्याची कंबर जरा सरकवली, खालची चादर ओढायला. अंगठा वाकला. आत. तसाच. मी वर बघितलं. तो भिंतीकडे बघत होता. तोंड कोरं. मी म्हणालो, दादा, लागलं? तो म्हणाला, काही नाही.

मी तिथेच बसलो, हातात पाय घेऊन. पाणी गार झालं. त्या दिवशी सकाळी तुमचे थेंब घ्यायला तो विसरला होता. आदल्या दिवशी तुम्ही दिलेली नवी बाटली मी नंतर बघितली, बूच तसंच होतं. त्याच्या पोटात त्या दिवशी मुळी नव्हती, बाई. पाणीही नव्हतं. मग काय चढलं होतं? कशाने ओढला अंगठा?

तेव्हापासून झोपायला आडवा झालो की तळहातात अंगठे येतात. एक एक. गवंड्याचा जाड, भेगा पडलेला. शिंपिणीचा. एका पोस्टमनचा होता, नखाला काळं पडलेलं. एक लहान मुलगी होती, तिचा एवढासा, गार. सगळे आत वाकतात. आणि मी म्हणतोय, चढली. खुशीने म्हणतोय, मोठ्याने, बाबांना ऐकू जावं म्हणून. हात उशीखाली घालून बघितला. पाण्यात धरून बघितला. जात नाहीत.

काय बघताय? माझा हात? — हं.

बघा. दोन्ही बघा. बाही वर करतो. एकही डाग नाही. मी म्हणालो खरं, एका वर्षी तो, एका वर्षी मी. ठरलं तसंच होतं. पुढच्या पानगळीला पाळी माझी होती. शेगडी पेटल्याचा वास आला आणि मी कोळशाच्या पोत्यामागे जाऊन बसलो. चड्डी ओली झालेली. वडील हाका मारतायत. दादाने मला बघितलं तिथे. बाही वर करत बाकड्यावर जाऊन बसला आणि म्हणाला, बाबा, त्याचा हात बारीक आहे, त्याच्यावर नीट कळायचं नाही, यंदाही मीच बसतो. वडिलांना पटलं. पुढे पुन्हा माझी पाळी आली तेव्हा म्हणाला, त्याला खोकला आहे. मग म्हणाला, मला आता सवय झाली, दोघांना कशाला. मग विचारायचंच राहिलं. सगळ्या पानगळी त्याच्या. आणि मी पायाशी बसून सांगायचो, चढली, बाबा, चढली.

त्याने एकदा म्हटलं असतं ना, दुखलं, तर वडिलांनी ती मुळी फेकली असती आणि दुसरी आणली असती. आणि तिची परीक्षा दुसऱ्या हातावर झाली असती. दुसरा हात कुणाचा होता घरात? उंदीर बरा तुमचा. भाजलं की पाय चाटतो. त्याच्या मागे भाऊ लपलेला नसतो.

मुळीत गुण नाही असं मी म्हणत नाही. असेल. तुमचे उंदीर खोटं कशाला बोलतील? दातदुखीला, मुरगळण्याला असेल. पण आमच्याकडून जे ऐकलंत — पिढ्यानुपिढ्यांचा अनुभव वगैरे लिहून घेतलंत ना दादाकडून — ते खोडा. तो अनुभव कुणालाच नाही. आमच्या घरात कुणालाही ठाऊक नाही ती मुळी काय करते. आणि त्याचं नाव काढा तुमच्या त्या लोकांतून. आज. आत्ता.

बापाचं नाव जाईल, हो. मला कळतं, काय बोलतोय मी. मीही त्याच बापाचा आहे.

आणि तुमचा नियमही कळतो. माझ्या सांगण्यावरून सुई देता येत नाही. म्हणून तर बसवून ठेवलं तुम्हाला. चला. पेटी घ्या. दार उचलून लोटा, खालून घासतं.

दादा. डॉक्टरबाई आल्यात. — हो, मीच बडबडत होतो बाहेर. ऐकलंस? — नसेल ऐकलं तर राहू दे.

विचारा, बाई. दाखवा तुमचा पुठ्ठा. — बघा, हसरं तोंड. नेहमीचंच. आता लिहू नका. इकडे या, पायाशी. बसा खाली, जमिनीवरच बसावं लागतं. हात द्या. असा, मूठ अर्धी मिटलेली, अंगठा आत घ्या. पकडू नका, नुसता असू द्या. दादा, चादर काढतोय. कंबर जरा सरकवतो तुझी.

लागला हाताला? सोडू नका. सोडू नका, बाई. तो काय म्हणतोय ऐका — काही नाही म्हणतोय. आणि हातात काय आहे तुमच्या?

असा बघू नकोस माझ्याकडे, दादा. बाबा नाहीत इथे. शेगडी कधीची विझली. पोत्यामागे कुणी नाही, बघ, मी इथे उभा आहे, तुझ्यासमोर. मला खोकला नाही, हात बारीक नाही. तू सांगू नकोस, तुला जमायचं नाही ते. मी सांगतो. दुखतंय त्याला, बाई. फार दुखतंय. बारा वर्षांचा होता तेव्हापासून दुखतंय. — तू फक्त मान हलव. एवढंच कर. बाईंचा नियम आहे.

हलवली. बघितलंत ना? हलवली. आता पुन्हा विचारू नका, बोलायला लावू नका. भरा सुई. या हातात द्या, डागांच्या. मी धरतो. नाही, पाय धरत नाही, हातच धरतो.

झालं?

रडू नका तुम्ही. चांगलं काम केलंत. बसू या जरा.

बघा, श्वास. लांब झाला. मघाशी असा नव्हता. पाऊल द्या माझ्याकडे, मांडीवर घेतो. अंगठा — हं. सैल आहे. कसा पडलाय बघा हातात. असा मला कधी लागलाच नव्हता.

तुम्ही निघा आता, बाई. पेटी विसरू नका. दार उचलून ओढून घ्या, घासता कामा नये.

फिटलं, दादा.